वाहाकाला जाताना घाट एकदाच उतरा

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. नवरा-बायको दोघंही साठीला टेकलेले. मुलगी डॅलसला असते, डिसेंबरात तिच्याकडे जाणार आहेत आणि तिथून नऊ रात्रींसाठी मेक्सिको करायचा बेत आहे. भेटेल तो कान्कून सुचवतो, ताईंच्या डोक्यात मात्र दक्षिण मेक्सिकोतलं वाहाका बसलंय. डोंगर, जुने अवशेष आणि समुद्र एकाच सहलीत होतील का? यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना झेपेल का? आणि आम्ही अंडं खातो पण मांस-मासे नाही, तर उपाशी राहू का?

ताई, तिन्हींचं उत्तर 'हो' आहे, फक्त प्रत्येक 'हो'ला एक अट आहे. मी चौदा वर्षं मराठी मंडळींना घेऊन मेक्सिकोला जातेय. वाहाकाच्या पहिल्या दोन खेपा मी नकाशा समोर ठेवून आखल्या आणि दोन्ही वेळा तोंडघशी पडले. नकाशावर वाहाका शहरापासून पॅसिफिकचा किनारा सरळ रेषेत दीडशे किलोमीटरसुद्धा नाही. वाटतं, सकाळी नाश्ता करून निघू आणि दुपारी समुद्रात पाय बुडवू. पण मधे सिएरा माद्रे देल सुर नावाची डोंगररांग आडवी पडलीय. तेव्हापासून मी वाहाकातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजणं सोडलं, उंचीत मोजते. शहर साधारण १,५५० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर. मोंते आल्बानचे अवशेष १,९४० मीटरवर, म्हणजे कळसूबाईपेक्षा उंच. किनाऱ्याच्या वाटेवरचं सान होसे देल पासिफिको अडीच हजारांच्या आसपास, शहराच्या उत्तरेचं क्वाहिमोलोयास ३,२०० वर. आणि समुद्र अर्थातच शून्यावर. एवढे आकडे डोक्यात ठेवलेत तर कार्यक्रम आपोआप लागतो: उंचावरचं आधी बघायचं, घाट एकदाच उतरायचा, आणि परत चढायचा नाही. किनाऱ्यावर पुएर्तो एस्कोन्दिदो आणि वातुल्को असे दोन विमानतळ आहेत, दोन्हीकडून मेक्सिको सिटीला थेट विमानं आहेत. तिथूनच बाहेर पडा.

नावाबद्दल दोन शब्द सांगते, कारण टॅक्सीवाल्याला 'ओक्साका' म्हणालात तर तो नुसता बघत राहील. उच्चार 'वाहाका'. मूळ नाव नाहुआत्ल या अ‍ॅझटेकांच्या भाषेतलं, वाश्याकाक. 'वाशिन' म्हणजे आपल्या सुबाभळीच्या कुळातलं झाड, त्या झाडांच्या टोकाशी वसलेलं गाव ते वाहाका. बाजारात या झाडाच्या चपट्या शेंगा जुड्या बांधून विकायला असतात आणि लोक त्यातल्या बिया कच्च्या खातात. आपण शेळ्यांना घालतो हे तिथे कोणाला सांगू नका! इथले मूळ रहिवासी झापोतेक, हेही नाव नाहुआत्लच. 'त्सापोत्ल' म्हणजे मऊ, गोड गराचं फळ, आणि त्या फळांच्या गावचे लोक ते झापोतेक. आपल्या घोलवड-डहाणूच्या चिकूला सपोटा म्हणतात तो हाच शब्द, आणि चिकूही मूळचा याच भागातला. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडूसुद्धा इथूनच आला. इथे त्याला सेंपासुचिल म्हणतात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांच्या दिवसांत अख्खं शहर त्याने पिवळं होतं. तुम्ही डिसेंबरात जाताय, तोवर ती फुलं वाळलेली असतील. पण २३ तारखेला शहरात असाल तर मुळ्यांची रात्र चुकवू नका. मोठमोठे लाल मुळे कोरून त्यांचे देखावे मुख्य चौकात मांडतात, १८९७ पासूनची स्पर्धा आहे. त्या आठवड्याचं हॉटेल मात्र आजच बुक करा.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. तुमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असणार, त्यावर भारतीय प्रवाशांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. परत अमेरिकेत शिरायचंय, तेव्हा तो अनेक प्रवेशांचा आहे ना, हे तपासा. नियम बदलतात, म्हणून निघण्याआधी मेक्सिकोच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

पहिल्या चार रात्री शहरात राहा. पोचल्याच्या दिवशी काही करू नका. या उंचीवर त्रास असा होत नाही, पण जिना चढताना दम लागतो आणि रात्री झोप तुटक येते. दुसऱ्या दिवशी सकाळी, दार उघडतानाच, मोंते आल्बान.

इथे जरा थांबून सांगते, कारण बहुतेक लोक दीड तासात फोटो काढून परत येतात. वाहाकाची दरी तीन फाट्यांची आहे. एक फाटा वायव्येला एत्लाकडे, एक पूर्वेला त्लाकोलुलाकडे, एक दक्षिणेला साआचिलाकडे. जिथे तिन्ही मिळतात तिथे मधोमध हा डोंगर, दरीच्या तळापासून चारशे मीटर उठलेला. इसवी सनपूर्व ५००च्या सुमारास झापोतेकांनी त्याचा माथा कापून, भरून सपाट केला आणि वर राजधानी वसवली. माझ्या गटातला कोणी ना कोणी दुर्गप्रेमी वर पोचताच पहिला प्रश्न विचारतो, "पाण्याची टाकी कुठायत?" प्रश्न अगदी बरोबर आहे. डोंगरावर जिवंत झरा नाही. पावसाचं पाणी साठवायचं आणि बाकीचं खालून वाहून आणायचं. शेती खाली, पाणी खाली, आणि हजारो माणसं वर! एवढा खटाटोप कशासाठी, ते मुख्य चौकाच्या दक्षिण टोकाला उभं राहिलं की कळतं. तिन्ही फाटे एका जागेवरून दिसतात. कोण येतंय, कोण जातंय, कोणाचं पीक किती आलंय, सगळं.

चौकात बाकीच्या सगळ्या इमारती एका रेषेत असताना एकच तिरकी बसलीय, बाणाच्या टोकासारखी. तिला नुसतं 'जे' अक्षराने ओळखतात. तिची दिशा ताऱ्यांशी जोडतात, पण मला त्यापेक्षा तिच्या भिंतीतल्या शिळा बोलक्या वाटतात. गावाची खूण, आणि तिच्याखाली उलटं लटकलेलं माणसाचं डोकं. जिंकलेल्या गावांची ती यादी आहे, असं मानतात. पश्चिमेच्या बाजूला 'नर्तक' म्हणून प्रसिद्ध झालेल्या शिळा आहेत, तीनशेहून अधिक सापडल्या. वाकडेतिकडे हातपाय बघून जुन्या अभ्यासकांना हे नाचणारे वाटले. जवळ जाऊन चेहरे बघा. डोळे मिटलेले, तोंड उघडं, अंगावर कपडा नाही, आणि काहींच्या मांड्यांमध्ये फुलासारखी नक्षी. ती नक्षी म्हणजे कापलेल्या जागेतून वाहणारं रक्त. हे मारलेले कैदी आहेत, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. हे नीट सांगितलं की गट क्षणभर गप्प होतो. काही मूळ शिळा प्रवेशद्वाराजवळच्या संग्रहालयात हलवल्यात, तिथेही डोकवा.

गुडघ्याची अट इथे लागते. दक्षिण आणि उत्तर असे दोन मोठे चौथरे आहेत, दोन्हींच्या पायऱ्या उंच आणि अरुंद, कठडा नाही. यजमानांनी एकच चढावा. चढायला लोक घाबरतात, पण गुडघा बोलतो तो उतरताना. नागमोडी, तिरकं उतरायचं. घडीची काठी सोबत ठेवा. सावली जवळजवळ नाही, दहा-साडेदहाला ऊन टोचायला लागतं, टोपी हवीच. नवव्या शतकाच्या सुमारास हे शहर रिकामं पडलं. पुढे मिश्तेक लोकांनी जुन्या झापोतेक थडग्यांत आपली माणसं पुरली. त्यातलंच सातव्या क्रमांकाचं थडगं पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांनी जानेवारी १९३२ मध्ये उघडलं. सोनं, जेड, कोरलेली हाडं, पिरोजाच्या तुकड्यांनी मढवलेली कवटी. हे सगळं शहरात सान्तो दोमिंगो चर्चला लागून असलेल्या जुन्या मठाच्या संग्रहालयात आहे. म्हणून सकाळी डोंगर, दुपारी संग्रहालय हा क्रम ठेवा. सोमवारी संग्रहालय बंद असतं, त्यामुळे हा दिवस सोमवारी पाडू नका. शहर आणि मोंते आल्बान दोन्ही मिळून १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

पूर्वेच्या फाट्याला दोन दिवस द्या. इथे माझी फजिती सांगते. सुरुवातीच्या एका खेपेला एका स्थानिक सहल कंपनीने तुलेचं झाड, विणकरांचं गाव, मेस्काल या घायपाताच्या दारूची भट्टी, मित्ला आणि येर्वे एल आग्वा असं सगळं एका दिवसात बसवून दिलं. मी मान डोलावली. झाडापाशी वीस मिनिटं, गालिचे विकणाऱ्यांकडे दीड तास, मेस्काल चाखण्यात आणखी एक तास, आणि मित्लाला पोचलो तेव्हा रखवालदार फाटक ओढत होता. अकरा माणसं जाळीतून आत बघत उभी! हा असा दिवस आजही सर्रास विकला जातो. घेऊ नका. गाडी आणि चालक दिवसभरासाठी ठरवा आणि क्रम उलटा करा, म्हणजे सगळ्यात लांबचं सगळ्यात आधी.

पहिला दिवस येर्वे एल आग्वाचा. शहरापासून सुमारे ७० किलोमीटर. नावाचा अर्थ 'पाणी उकळतं', पण पाणी गरम नाही, झऱ्यातून बुडबुडे येतात म्हणून हे नाव. या पाण्यात चुना विरघळलेला असतो. कड्यावरून ओघळताना तो थराथराने साठत गेला आणि हजारो वर्षांत पांढरा दगडी धबधबा उभा राहिला. वाहतं पाणी जागच्या जागी थिजल्यासारखं. लांबून फोटोत सगळेच बघतात, तुम्ही वरच्या कुंडांच्या काठावर खाली वाकून बघा. बोटभर रुंदीचे चर दिसतील, कडा चुन्याने गोल झालेल्या. काही नैसर्गिक आहेत, पण या उतारावर झापोतेकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी पायऱ्यांची शेती करून तिला पाटाने हेच पाणी दिलं होतं, त्या पाटांच्या खुणा आजही आहेत. यजमानांनी वरच्या कुंडांपर्यंत जावं, तेवढा उतार-चढ झेपेल. मोठ्या धबधब्याच्या पायथ्याशी जाणारी वाट मात्र उभी आहे, ती सोडा. पैसे रोख ठेवा, वाटेवरच्या गावाचा टोल वेगळा आणि आतलं तिकीट वेगळं. गावांच्या आपसातल्या वादात ही जागा २०२१ मध्ये बंदही राहिली होती, तेव्हा आदल्या संध्याकाळी हॉटेलात विचारून घ्या.

दुसरा दिवस रविवार येईल असं बघा, कारण रविवारी त्लाकोलुलाचा आठवडी बाजार असतो. पण आधी मित्ला. मोंते आल्बान ओस पडल्यावर या दरीचं मोठं केंद्र इथे आलं आणि स्पॅनिश आले तेव्हा ते नांदतं होतं. इथे पिरॅमिड नाही, भव्य चौथरा नाही. पाहुणे पाच मिनिटं निराश होतात. मग भिंतीजवळ जातात. दगडी पट्ट्यांतून नागमोडी, पायऱ्यापायऱ्यांची नक्षी फिरत जाते, पैठणीच्या काठासारखी सलग. कोरीव काम आहे असं वाटतं, पण बहुतेक ठिकाणी ते जोडकाम आहे. छोटे छोटे दगड वेगवेगळ्या मापात घासून, चुना-माती न घालता, एकमेकांत इतके घट्ट बसवलेत की फटीत पातं शिरणार नाही. भूकंपाच्या प्रदेशात कित्येक शतकं ते तसेच आहेत. एका दालनात सहा अखंड दगडी खांब ओळीने उभे आहेत. आणि मागे त्याच वाड्यांच्या दगडांवर सान पाब्लोचं लाल घुमटांचं चर्च. खालच्या थडग्यांत जायला जवळजवळ ओणवं व्हावं लागतं, यजमानांनी बाहेर सावलीत बसावं.

मित्ला आणि यागुल या दुसऱ्या जुन्या अवशेषांच्या मधल्या टेकड्यांमध्ये काही साध्याशा गुहा आहेत, २०१० पासून त्याही जागतिक वारसा यादीत आहेत. तिथल्या गिला नाकित्स या गुहेत भोपळ्याच्या सुमारे दहा हजार वर्षं जुन्या बिया सापडल्या, आणि सहा हजारांहून अधिक वर्षं जुनी मक्याची इवलीशी कणसं. अमेरिका खंडातल्या शेतीच्या सगळ्यात जुन्या पुराव्यांत हे धरतात. बघण्यासारखं फार काही नाही, गाडीच्या खिडकीतून टेकडी दाखवायची आणि मग बाजारात जाऊन मक्याचं कणीस खायचं, लिंबू-तिखट लावून.

परतीच्या वाटेवर तेओतित्लान देल वाये हे विणकरांचं गाव लागतं. विकत घ्या-न घ्या, रंग करताना बघाच. फड्या निवडुंगाच्या पानावर कापसासारखे पांढरे ठिपके असतात, त्यात एक किडा. बाई तो वाळलेला किडा तळहातावर ठेवून नखाने चिरडते. तळवा कुंकवासारखा लाल. त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळते, लाल रंग केशरीकडे सरकतो. मग चिमूटभर सोडा टाकते, आणि तोच रंग जांभळा होतो. वसाहतीच्या काळात या किड्याच्या रंगाने युरोपातल्या सरदारांचे झगे रंगले आणि वाहाकाचे व्यापारी गब्बर झाले. सान्तो दोमिंगोच्या आतला सोन्याचा लखलखाट बघताना हा तळहात आठवेल. तुलेचं झाड सगळ्यात शेवटी, शहरात शिरता शिरता. दोनेक हजार वर्षांचा सायप्रसच्या कुळातला वृक्ष, बुंधा जगातल्या सगळ्यात जाड बुंध्यांपैकी. आपल्याला वडाची सवय, वाटतं पाच-सहा झाडं एक झाली असतील. तसं नाही, जनुकीय तपासणीत एकच झाड ठरलंय. वीस मिनिटं पुरतात. तेवढं त्या कंपनीचं बरोबर होतं.

उत्तरेच्या सिएरात क्वाहिमोलोयास आणि शेजारची गावं मिळून आठ गावांनी आपलं जंगल सामाईक ठेवलंय, लाकडी खोल्या आणि वाटाडे गावच पुरवतं. सुंदर आहे, पण ३,२०० मीटरवर डिसेंबरची रात्र कडाक्याची असते. तुमच्या नऊ रात्रींत मी हे बसवणार नाही.

आता पोटाचं. 'आम्ही शाकाहारी' एवढं सांगून काम होत नाही. ते मान हलवतात आणि कोंबडी आणतात, कारण कार्ने म्हणजे गोमांस किंवा डुक्कर, कोंबडी त्यात धरत नाहीत. आणि न दिसणारी गोष्ट म्हणजे चरबी. त्लायुदा ही इथली खासियत. मोठी, कडकडीत मक्याची पोळी, तिच्यावर आसिएन्तो म्हणजे डुकराच्या चरबीचा पातळ हात, वर घेवड्याचं काळं वाटण आणि केसियो हे धाग्याधाग्यांचं चीज. वाटणातही बऱ्याचदा मान्तेका, म्हणजे पुन्हा चरबीच. म्हणून हे पाठ करा: "सिन कार्ने, सिन पोयो, सिन आसिएन्तो, सिन मान्तेका." मोले नावाच्या रश्श्याचे इथे सात प्रकार सांगतात. काळ्या मोलेत भाजलेल्या मिरच्या, तीळ, मसाले आणि चॉकलेट, चव आपल्या काळ्या वाटणाच्या चुलतबहिणीसारखी, पण पातळ करायला कोंबडीचं पाणी असतं. शाकाहारी मोले करणारी उपाहारगृहं शहरात आहेत, तिथेच खा. बाकी भोपळ्याच्या फुलांची केसादिया, निवडुंगाच्या कापांची भाजी, अंडी, पाण्यातलं चॉकलेट आणि त्यात बुडवायला अंड्याचा पाव, यावर आमचे पक्के शाकाहारीसुद्धा मजेत राहतात. एक सापळा सांगून ठेवते. मेस्कालबरोबर संत्र्याच्या फोडी येतात, त्यावर लालसर मीठ भुरभुरलेलं असतं. त्या मिठात वाळवलेल्या अळ्या कुटलेल्या असतात. आणि बाजारात टोपलीभर लाल कुरकुरीत काही दिसलं तर ते चणे-फुटाणे नाहीत, नाकतोडे आहेत.

पाचव्या दिवशी घाट. २०२४च्या फेब्रुवारीत बार्रांका लार्गा ते वेन्तानिया असा १०४ किलोमीटरचा नवा रस्ता सुरू झाला आणि पुएर्तो एस्कोन्दिदोचा सहा-सात तासांचा प्रवास तीन-साडेतीन तासांवर आला. घाई असेल त्याने तो घ्यावा. तुम्हाला मी जुन्या १७५ क्रमांकाच्या रस्त्यानेच पाठवेन, पण दोन तुकड्यांत. पहिल्या दिवशी सान होसे देल पासिफिकोपर्यंत अडीच-तीन तास आणि तिथे मुक्काम. गाव म्हणजे रस्त्याच्या कडेची एक ओळ, दुकानांच्या पाट्यांवर अळंब्यांची चित्रं. ती नशेची अळंबी, तुम्ही चित्रंच बघा. संध्याकाळी खोलीच्या ओट्यावर घोंगडी घेऊन बसायचं. ढग पायाखाली असतात, त्यातून डोंगरांच्या माथ्यांची टोकं वर आलेली. सकाळी लवकर निघा. पाइनचं जंगल, मग धुक्याचं ओलं जंगल, मग प्लुमा भागातले कॉफीचे मळे, मग केळी, आणि शेवटी किनाऱ्याजवळच्या पोचुत्ला गावात दार उघडताच उकाड्याची वाफ अंगावर येते. दोन-अडीच तासांत अडीच हजार मीटर! वळणं शेकड्यांनी आहेत. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास, पोट अर्धं भरलेलं, यजमान पुढच्या सीटवर म्हणजे पाय लांब राहील. रात्री हा रस्ता करू नका.

एवढं उतरल्यावर कळतं की दरीतली संस्कृती आणि किनारा इतके वेगळे का. मोठी शहरं वर राहिली, खाली छोट्या वाड्या आणि बंदरं.

सहावी आणि सातवी रात्र मासुंते किंवा त्याला चिकटलेल्या सान आगुस्तिनियोला. आज इथे झावळ्यांच्या छपराखाली योगवर्ग चालतात, पण काही दशकांपूर्वी हे गाव कासवं मारण्यावर जगायचं. सान आगुस्तिनियोला त्यांचा कत्तलखाना होता. १९९० मध्ये मेक्सिकोने समुद्री कासवांच्या शिकारीवर बंदी घातली आणि गावाचा धंदा एका फटक्यात बुडाला. नंतर त्याच गावात कासव केंद्र उभं राहिलं, बायकांनी साबण-तेलांची सहकारी संस्था काढली, आणि शिकारीवर पोट भरणाऱ्यांची मुलं पर्यटकांना होडीतून कासवं दाखवायला लागली. वेळासची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. कासवही तेच, ऑलिव्ह रिडले, इथे गोल्फिना म्हणतात. फरक संख्येचा. जवळच्या एस्कोबियाच्या किनाऱ्यावर हंगामात माद्या एकेका लाटेत हजारोंनी चढतात, ओडिशातल्या गहिरमाथ्यासारख्या. तो किनारा राखीव आहे, तिथे आपल्या मनाने जायचं नाही. डिसेंबरात पिल्लं सोडण्याचे कार्यक्रम होत असतात. पिल्लू हातात देऊ पाहणाऱ्याकडे जाऊ नका, करवंटीत घेऊन वाळूवर सोडायला लावतात ते बरे. मासुंतेजवळच्या वेन्तानियाच्या (नव्या रस्त्यावरचं ते वेगळं) खारफुटीतून मगरी बघत फिरवणारी होडीही गावच्या सहकारी संस्थेचीच, गुडघ्याला काहीही त्रास नाही. सूर्यास्ताला पुंता कोमेता, वाहाका राज्याचं दक्षिणेकडचं शेवटचं टोक. पायवाट ओबडधोबड आहे, उतरताना अंधार होतो, बॅटरी न्या.

समुद्राबद्दल मात्र मी कडक आहे. हा पॅसिफिक आहे, अलिबागची पुळण नाही. पुएर्तो एस्कोन्दिदोचा सिकातेला किनारा जगभरच्या लाटस्वारांचा लाडका आहे, म्हणजेच तुमचा-माझा नाही. सिपोलितेला पाण्याखालची ओढ वाईट आहे, शिवाय तिथे लोक कपड्यांविना वावरतात, हे आधी कळलेलं बरं. आमच्या एका काकांना ते तिथे पोचल्यावर कळलं! पुएर्तोचा कार्रिसालियो शांत आहे, पण खाली दीडशेहून जास्त पायऱ्या. पुएर्तो मी तुमच्यासाठी सोडतेय. तरुण मंडळींनी जावं, अमावास्येच्या आसपास मानियाल्तेपेकच्या खाजणात रात्री होडीतून हात फिरवला की पाणी निळं चमकतं, ते बघावं.

पोहायचं असेल तर वातुल्को, शेवटच्या दोन रात्री. मासुंतेहून तास-सव्वा तास. नऊ खाड्यांचं हे ठिकाण सरकारने १९८०च्या दशकात आखून वसवलं, त्यामुळे रस्ते रुंद आणि सगळं जरा नेटकं, मला थोडं बेचव वाटतं. पण खाड्या आत वळलेल्या असल्याने पाणी तळ्यासारखं, आणि काही भाग १९९८ पासून राष्ट्रीय उद्यान असल्याने बांधकामाविना राहिलाय. होडीने फिरा. डिसेंबरात कुबड्या देवमाशांची पाठ दिसली तर नशीब. खडकांवर ओहोटीच्या वेळी एखादा माणूस गोगलगायी उचलून सुताच्या लडीवर दाबताना दिसेल. त्यांच्या स्रावाने सूत जांभळं रंगतं. मिश्तेक रंगारी पिढ्यान्‌पिढ्या हे करतात आणि गोगलगाय पुन्हा खडकाला चिकटवून ठेवतात. विचारल्याशिवाय फोटो नको.

शेवटच्या दिवशी काही ठेवू नका. वाहाकात मागण्यांसाठी रस्ते अडवणं वरचेवर होतं, कधी दोन तास, कधी दिवसभर. वातुल्कोचा विमानतळ हॉटेलांपासून जवळ आहे, छप्परही झावळ्यांचं, तिथे चपलांत गेलात तरी शोभतं. पण स्वेटर मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. तासाभरात तुम्ही मेक्सिको सिटीला २,२४० मीटरवर असाल, आणि डिसेंबरात रात्री तिथे कुडकुडायला होतं.